आभासी माहितीकक्ष : कंपनी-खरेदी व विलीनीकरणातील निवड

आभासी माहितीकक्ष हे कंपनीच्या खरेदी-विक्रीच्या किंवा विलीनीकरणाच्या व्यवहारात विक्रेत्याची गोपनीय कागदपत्रे संभाव्य खरेदीदारांना नियंत्रित रीतीने दाखवण्यासाठी उभारलेले संगणकीय दालन होय. उद्योगजगतात ते ‘व्हर्च्युअल डेटा रूम’ किंवा नुसते ‘डेटा रूम’ या नावाने ओळखले जाते. कोणी कोणता कागद पाहावा, किती वेळ पाहावा, तो छापावा की नुसता वाचावा हे येथे विक्रेता ठरवतो आणि प्रत्येक हालचालीची नोंद आपोआप होते. सर्वसाधारण साठवणसेवेपासून या दालनाचे वेगळेपण याच दोन गोष्टींत आहे.

भारतात २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेनंतर आणि सरकारी कंपन्यांच्या निर्गुंतवणुकीमुळे हा विषय वित्तीय वर्तुळापुरता राहिलेला नाही. कारखाना विकला जातो तेव्हा त्यातील कामगारांची, जमीन दिलेल्या गावांची आणि कर्ज दिलेल्या बँकांच्या ठेवीदारांची माहितीही या दालनातून परक्या हातांत जाते. त्यामुळे दालन कोणते निवडले आणि त्यात काय ठेवले, याला सार्वजनिक महत्त्व आहे.

रायगड किनाऱ्यावरील उदाहरण : साळावचा कारखाना

अलिबाग तालुक्यातील नागावहून चौल व रेवदंड्याकडे जाणारा रस्ता पुढे कुंडलिकेच्या खाडीवरील पूल ओलांडून मुरूड तालुक्यातील साळाव येथे पोहोचतो. पर्यटकांना साळाव आठवते ते टेकडीवरच्या बिर्ला गणेश मंदिरामुळे. परंतु त्या मंदिराच्या पायथ्याशी असलेला स्पंज आयर्नचा कारखाना कंपनी-हस्तांतरणाच्या अभ्यासासाठी फार बोलका आहे. आदित्य बिर्ला समूहातील ग्रासिम इंडस्ट्रीजने तो ‘विक्रम इस्पात’ या नावाने उभारला. नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या या कारखान्याची क्षमता वर्षाला सुमारे ९ लाख टन असून त्याला स्वतःचा धक्का आहे. २००९ मध्ये ग्रासिमने तो वेलस्पन समूहाला सुमारे १,०३० कोटी रुपयांना विकला व त्याचे नाव पुढे ‘वेलस्पन मॅक्सस्टील’ झाले. २०१४ मध्ये जेएसडब्ल्यू स्टीलने ही कंपनी, कर्जासह धरून, सुमारे १,००० कोटी रुपयांच्या मूल्यांकनावर घेतली. एकच कारखाना सुमारे पाच वर्षांत दोनदा विकला गेला आणि मधल्या काळातील महागाई लक्षात घेता दुसऱ्या वेळची किंमत पहिल्यापेक्षा बरीच कमी भरते.

या घसरणीमागे वायूचे कारण मोठे होते. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूचे उत्पादन २०१० नंतर घटत गेले आणि उपलब्ध वायूवर खत व वीज प्रकल्पांना अग्रक्रम मिळाला. पोलाद उद्योग रांगेत मागे राहिला. जेएसडब्ल्यूचा हिशेब वेगळा होता. त्याच समूहाचा डोलवीचा मोठा पोलाद कारखाना पेण तालुक्यात, म्हणजे याच जिल्ह्यात आहे. साळावचे स्पंज आयर्न डोलवीला उपयोगी होते आणि साळावचा धक्काही. एकाच कारखान्याची किंमत दोन खरेदीदारांना वेगवेगळी का दिसते, याचे हे सरळ उत्तर आहे. वायूपुरवठ्याचे करारपत्र माहितीकक्षात ठेवता येते. परंतु सरकार उद्या वायूचे वाटप कोणत्या क्रमाने करील हे कोणत्याही कक्षात सापडत नाही.

डोलवीचा कारखानाही मूळचा जेएसडब्ल्यूचा नव्हे. डिसेंबर २०१० मध्ये इस्पात इंडस्ट्रीजमधील सुमारे ४१ टक्के हिस्सा २,१५७ कोटी रुपयांना घेण्याचे जेएसडब्ल्यूने जाहीर केले आणि २०१३ मध्ये इस्पातचे जेएसडब्ल्यू स्टीलमध्ये विलीनीकरण पूर्ण झाले. खोपोली येथे कारखाना असलेली भूषण स्टील २०१८ मध्ये नादारी संहितेखाली टाटा स्टीलकडे गेली. खोपोलीचीच उत्तम गॅल्वा स्टील्स २०२२ मध्ये आर्सेलर मित्तल गटाकडे गेली. रायगडसारख्या एका जिल्ह्यात बारा-तेरा वर्षांत पोलादाचे पाच मोठे व्यवहार झाले. त्यांपैकी शेवटचे दोन ज्या कायद्याखाली झाले, त्या कायद्याने माहितीची देवाणघेवाण ही सोय न ठेवता कर्तव्य केली आहे.

कागदी दालनापासून संगणकीय दालनापर्यंत

‘डेटा रूम’ हा शब्द मुळात खऱ्याखुऱ्या खोलीसाठी होता. विक्रेत्याच्या वकिलाच्या कचेरीत एक खोली कुलूपबंद ठेवली जाई. तीत खोक्यांत करारपत्रे, ताळेबंद, जमिनीचे दस्त मांडलेले असत. खरेदीदाराची माणसे वेळ ठरवून येत, नोंदवहीत सही करीत आणि पहारेकऱ्यासमोर बसून टिपणे घेत. झेरॉक्स काढण्यास बहुधा मनाई असे. एकावेळी एकच इच्छुक आत असल्यामुळे पाच इच्छुक असले की महिने जात. विमानभाडे आणि हॉटेलचा खर्च हाही व्यवहाराच्या खर्चातील लक्षणीय भाग होता.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ही खोली संगणकावर नेण्यास सुरुवात झाली. १९९६ मध्ये स्थापन झालेली इंट्रालिंक्स ही या क्षेत्रातील आरंभीची कंपनी. पुढे मेरिल कॉर्पोरेशनची डेटासाइट, ऑस्ट्रेलियातील अन्सराडा इत्यादी सेवा आल्या. यातील एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. इतरांच्या खरेदी-विक्रीसाठी दालने भाड्याने देणारी इंट्रालिंक्स स्वतःच २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांत तीनदा विकली गेली आणि अखेर एसएस अँड सी या कंपनीकडे स्थिरावली. अन्सराडा २०२४ मध्ये डेटासाइटने घेतली. म्हणून सेवा निवडताना सेवादाराच्या मालकीबदलाविषयीचे कलमही वाचावे लागते. आपले कागद ज्याच्या हाती सोपवले तो उद्या दुसराच असू शकतो.

कायद्याने घातलेली बंधने

नादारी व दिवाळखोरी संहितेच्या कलम २९ नुसार निराकरण व्यावसायिकाने कंपनीचे माहितीपत्र तयार करावयाचे असते आणि इच्छुक अर्जदारांना आवश्यक ती सर्व माहिती प्रत्यक्ष अथवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात उपलब्ध करून द्यावयाची असते. त्यासाठी अर्जदाराने गोपनीयता पाळण्याची, भागबाजारातील अंतर्गत माहितीविषयक नियम मानण्याची आणि कंपनीच्या बौद्धिक संपदेचे रक्षण करण्याची हमी द्यावी लागते. प्रक्रियेची मुदत १८० दिवसांची असून ती ९० दिवसांनी वाढू शकते आणि न्यायालयीन कालावधी धरून ३३० दिवसांची कमाल मर्यादा २०१९ च्या दुरुस्तीने घातली. प्रत्यक्षात ही मर्यादा अनेकदा ओलांडली जाते. तरीही एवढ्या वेळात डझनभर इच्छुकांना कागदी खोलीत बसवणे अशक्य आहे. येथे खर्चाचाही प्रश्न येतो. दालनाचा खर्च निराकरण प्रक्रियेच्या खर्चात धरला जातो आणि तो इतर सर्व देण्यांच्या आधी चुकता होतो. महागडे दालन निवडले तर त्याची किंमत पर्यायाने धनकोच मोजतात.

नोंदणीकृत कंपन्यांच्या बाबतीत सेबीचे २०१५ चे अंतर्गत-व्यापार प्रतिबंधक नियम लागू होतात. अप्रकाशित आणि किमतीवर परिणाम करणारी माहिती ज्या ज्या व्यक्तीला दिली, तिचे नाव व पॅन क्रमांक एका संरचित डिजिटल नोंदकोशात ठेवावा लागतो. नोंदीची वेळ आणि बदलांचा माग त्यात असावा लागतो व हा कोश किमान ८ वर्षे जपावा लागतो. माहितीकक्षाची हालचाल-नोंद आणि हा कोश एकमेकांशी जुळले नाहीत तर कंपनी अडचणीत येते. त्यामुळे ‘आमच्याकडे सर्व नोंदी आहेत’ एवढे सेवादाराचे आश्वासन पुरेसे नसते; त्या नोंदी कंपनीला पूर्ण व वापरता येईल अशा स्वरूपात परत मिळतात का, हे विचारावे लागते.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यातील जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत. सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. न्यायालयाने किंवा न्यायाधिकरणाने मान्य केलेल्या विलीनीकरण योजनेसाठी आवश्यक असलेल्या माहितीवापराला या अधिनियमाने काही सूट दिली आहे. परंतु ही सूट मान्य झालेल्या योजनेसाठी आहे. योजना मान्य होण्याआधी, पाच-सहा इच्छुक नुसते चाचपणी करीत असताना, दोन हजार कामगारांची नावे, आधार क्रमांक आणि वैद्यकीय तपासणीचे अहवाल दालनात टाकणे या सवलतीत बसते असे मानणे धाडसाचे ठरेल. खरेदीदाराला त्या टप्प्यावर लागते ते वयोगट, सेवाकाल, वेतन आणि ग्रॅच्युइटीचे एकत्रित देणे. नावे लागत नाहीत. व्यवहाराच्या घाईत हा भेद सर्वाधिक दुर्लक्षिला जातो आणि ज्यांची माहिती जाते त्या कामगारांना त्याचा पत्ताही नसतो.

वाद न्यायालयात गेला तर पुराव्याचा प्रश्न येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात त्या अभिलेखाचे ‘हॅश’ मूल्य नमूद करावे लागते. हॅश म्हणजे फाइलचा गणिती ठसा. एक स्वल्पविराम बदलला तरी तो ठसा बदलतो. नागावच्या शेजारच्या अक्षी गावातील शिलालेख मराठी भाषेच्या इतिहासात सुप्रसिद्ध आहे. कोकणातील त्या काळच्या दानलेखांतून दान मोडणाऱ्याला उद्देशून शापवचन कोरण्याची प्रथा होती. लेखात फेरफार होऊ नये याची ती तत्कालीन तजवीज. आजच्या दालनात शापाची जागा ठशाने घेतली आहे आणि तो ठसा दालन बंद होतानाच प्रत्येक फाइलसाठी काढून ठेवणारी सेवा निवडावी, हे बरे.

निवड करताना

दालनाची निवड बहुधा विक्रेता किंवा त्याचा सल्लागार करतो आणि खर्चही तोच उचलतो. जाहिरातींत सर्वच सेवा सारख्या दिसतात. सांकेतिक लिपीकरण, दुहेरी ओळखपडताळणी, वाचणाऱ्याचे नाव व वेळ दाखवणारा जलछाप या गोष्टी आता जवळजवळ सर्वांकडे आहेत. त्यांच्यावरून निवड होत नाही. फरक पडतो तो पुढील बाबतींत.

पहिली बाब परवानग्यांच्या बारकाव्याची. एका इच्छुकाच्या वकिलाला करार दिसावेत पण किंमतपत्रके दिसू नयेत, लेखापरीक्षकाला ताळेबंदाची गणनपत्रके सूत्रांसह मिळावीत, अभियंत्याला नकाशे मोठे करून पाहता यावेत, असे गटवार आणि कागदवार नियंत्रण लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एखाद्या इच्छुकाच्या डोळ्यांनी दालन कसे दिसते हे विक्रेत्याला आधी पाहता आले पाहिजे. गोपनीय कागद चुकीच्या गटाला दिसण्याचे प्रकार परवानगी देणाऱ्या माणसाच्या हातून घडतात, त्यासाठी चोराची गरज नसते. दिलेली परवानगी, फाइल उतरवून घेतल्यानंतरही, मागे घेता येते का हेही पाहावे.

हालचाल-नोंदीचा दुसरा उपयोग फारसा बोलला जात नाही. कोणत्या इच्छुकाने कोणत्या पानावर किती वेळ घालवला हे विक्रेत्याच्या सल्लागाराला दिसते. पर्यावरणविषयक खटल्यांची फाइल एखाद्याने चार वेळा उघडली असेल तर त्याची शंका कोठे आहे हे विक्रेत्याला बैठकीआधीच कळते. खरेदीदाराच्या बाजूने विचार करता ही असमानता आहे. अनुभवी खरेदीदार म्हणून सरसकट सर्व फाइली उघडतात किंवा परवानगी असल्यास एकदमच उतरवून घेतात. कागद वाचणारा स्वतःही वाचला जातो, हे या व्यवसायात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याने पहिल्या दिवशी जाणून घ्यावे.

मजकूर झाकण्याची सोय तपासूनच घ्यावी. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दाखल केलेल्या कागदातील काळे पट्टे केवळ वरवरचे होते. पट्ट्याखालचा मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की तो सरळ वाचता येत होता. खरी झाकणी मजकूर काढून टाकते; तो रंगवणे पुरेसे नाही.

प्रमाणपत्रांविषयी एक सावधगिरी. आयएसओ २७००१ किंवा एसओसी २ ही नावे प्रत्येक माहितीपत्रकावर असतात. ती सेवादाराच्या स्वतःच्या कामाला मिळाली आहेत, की ज्याच्या इमारतीत त्याचे संगणक भाड्याने ठेवले आहेत त्याला मिळाली आहेत, हे प्रमाणपत्रावरील ‘व्याप्ती’ या सदरात कळते. डिसेंबर २०२० मध्ये अ‍ॅक्सेलियन या कंपनीच्या जुन्या फाइल-हस्तांतरण प्रणालीतील त्रुटींचा फायदा घेऊन हल्लेखोरांनी अनेक संस्थांची माहिती पळवली. न्यूझीलंडची मध्यवर्ती बँक आणि ऑस्ट्रेलियाचा कंपनी-नियामक आयोग त्यांत होते. गोपनीय फाइली सुरक्षितपणे पाठवण्यासाठीच या संस्थांनी ती प्रणाली घेतली होती. जुनी आवृत्ती वापरात ठेवणे हाच तेथील मुख्य धोका ठरला.

किंमत आकारण्याच्या पद्धती चार: पानांवर, साठवणीच्या आकारावर, वापरकर्त्यांच्या संख्येवर किंवा ठरावीक मासिक रक्कम. पानावर दर लावण्याची पद्धत कागद स्कॅन करण्याच्या काळातील आहे. कारखान्याच्या व्यवहारात पाने लाखांत जातात, तेव्हा ती विक्रेत्याला कागद वगळण्याचा मोह पाडते आणि वगळलेला कागदच पुढे वादाचे मूळ होतो. व्यवहार ठरल्या वेळेत पूर्ण होणे हा अपवाद असल्याने मुदतवाढीचा दर करारातच लिहून घ्यावा. अखेरीस मिळणाऱ्या संपूर्ण प्रतीचे वेगळे शुल्क लागते का, हाही प्रश्न सुरुवातीलाच विचारावा. शेवटी विचारला तर घासाघीस करण्याची जागा उरत नाही.

मराठी कागदांचा प्रश्न

परदेशी बनावटीच्या सेवांच्या तुलना इंग्रजी कागद गृहीत धरून केलेल्या असतात. महाराष्ट्रातील कारखान्याच्या दालनात मात्र सातबारा उतारे, फेरफार नोंदी, आठ-अ, ग्रामपंचायतीचे ठराव, ना-हरकत दाखले, कामगार आयुक्तांसमोरील समझोते हे सारे मराठीत असते. किनाऱ्यालगतच्या जमिनीसाठी यात सागरी किनारा नियमन क्षेत्राची परवानगी, धक्क्यासाठी सागरी मंडळाचे करार आणि खारभूमी योजनेतील बांधबंदिस्तीचे कागद यांची भर पडते.

अडचणी तीन प्रकारच्या आहेत. जुने उतारे हस्तलिखित असून त्यांवर शोधयंत्राचा इलाज चालत नाही. आणखी मागे गेल्यास मोडी लिपी लागते आणि मोडी वाचणारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी आहेत. दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी टंकलिखित केलेले मराठी दस्तऐवज विशिष्ट फाँटमध्ये असत. ते पडद्यावर मराठी दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ती रोमन चिन्हांची सरमिसळ असते. अशा फाइलीत ‘गहाण’ हा शब्द शोधला तर यंत्र ‘आढळला नाही’ असे सांगते आणि वाचणारा समजतो की बोजा नाही. नावे आपोआप झाकणारी साधनेही देवनागरी नावांपुढे चाचपडतात. सेवा विकत घेण्यापूर्वी आपल्याकडचे सर्वांत वाईट अवस्थेतील पन्नास कागद तिच्यात घालून पाहणे, हा कोणत्याही प्रात्यक्षिकापेक्षा भरवशाचा उपाय आहे.

तिसरी अडचण अर्थाची. सातबाऱ्यावरील ‘भोगवटादार वर्ग २’ या नोंदीचा यंत्राने केलेला इंग्रजी अनुवाद ‘दुसऱ्या श्रेणीचा रहिवासी’ अशा काहीतरी निरर्थक रूपात येऊ शकतो. त्या तीन शब्दांचा कायदेशीर अर्थ असा की ही जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून हस्तांतरित करता येत नाही. ‘इतर हक्क’ या रकान्यात कूळ, बोजा, वहिवाट, विहिरीतील हिस्सा असे काहीही दडलेले असते. रायगडात याला विशेष इतिहास आहे. अलिबाग तालुक्यातील चरी येथून १९३३ ते १९३९ या काळात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतीविरुद्ध शेतकऱ्यांचा दीर्घ संप झाला. १९४८ चा कूळकायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा यांनी येथील जमिनीची मालकी मुळापासून बदलली. कूळकायद्याच्या कलम ४३ खालील जमिनीवर हस्तांतरणाचे निर्बंध आजही येतात. म्हणजे कारखान्याच्या फाटकाबाहेरील एखादा तुकडा कोणाच्या पणजोबाच्या नावे कसा आला, हा प्रश्न हजार कोटींच्या व्यवहाराला अडवू शकतो. अशा कागदांसाठी दालनात मूळ प्रत, युनिकोड मराठी नक्कल आणि जाणकाराने केलेला इंग्रजी अनुवाद अशी तिन्ही रूपे एकत्र बांधलेली असावीत. हा खर्च दालनाच्या भाड्याच्या मानाने किरकोळ असतो, आणि तरीही तो टाळला जातो.

मूळ कागदांची जागा संगणकीय प्रत घेऊ शकत नाही, परंतु तिचे मोल संकटात कळते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. नागाव-चौल-रेवदंडा पट्ट्यातील नारळ-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, छपरे उडाली आणि कित्येक गावे बराच काळ विजेविना राहिली. कपाटातील कागद भिजल्यावर त्यांची स्कॅन प्रत अन्यत्र असणे म्हणजे काय, हे अशा वेळी सांगावे लागत नाही.

स्पर्धकालाच विकताना

खरेदीदार त्याच धंद्यातील असेल तर वेगळाच पेच उद्भवतो. साळावच्या व्यवहारात विक्रेताही पोलाद क्षेत्रातला होता आणि खरेदीदारही. व्यवहार फिसकटला तर स्पर्धकाच्या हाती आपले दर, ग्राहक आणि उत्पादनखर्च गेलेला असतो. शिवाय मंजुरीपूर्वीच अशी माहिती वाटून घेतल्यास स्पर्धा अधिनियमाचा भंग होण्याचा धोका असतो. म्हणून मुख्य दालनाच्या आत एक ‘स्वच्छ कक्ष’ केला जातो. त्यात फक्त खरेदीदाराचे बाहेरचे वकील व सल्लागार जातात आणि आपल्या अशिलाला केवळ गोषवारा देतात.

भारत पेट्रोलियम या मुंबईस्थित सरकारी कंपनीच्या निर्गुंतवणुकीत ही रचना दिसली. सरकारच्या ५२.९८ टक्के हिश्शासाठी नोव्हेंबर २०२० पर्यंत तीन इच्छुक पुढे आले आणि एप्रिल २०२१ मध्ये त्यांना आभासी माहितीकक्ष खुला झाला. व्यापारीदृष्ट्या संवेदनशील माहितीसाठी स्वतंत्र स्वच्छ कक्षाची व्यवस्था होती. पुढे स्पर्धक गळत गेले आणि मे २०२२ मध्ये सरकारने ही विक्री मागे घेतली. कंपनी सरकारकडेच राहिली. इच्छुकांनी तेथे जे वाचले ते मात्र पुसता येत नाही. म्हणून अशा फसलेल्या व्यवहारात दालनाची रचना यशस्वी व्यवहारापेक्षाही अधिक कसाला लागते.

दालनाची मर्यादा

उत्तम दालन असूनही त्यात न ठेवलेला कागद कोणतीही प्रणाली शोधून देत नाही. जपानच्या दाइची सांक्यो कंपनीने जून २००८ मध्ये रॅनबॅक्सी ही भारतीय औषधकंपनी प्रतिभाग ७३७ रुपये दराने घेण्याचा करार केला. सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रॅनबॅक्सीच्या पावंटा साहिब व देवास येथील कारखान्यांतील तीसहून अधिक औषधांच्या आयातीवर निर्बंध घातले. २०१३ मध्ये कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. चाचण्यांतील गैरप्रकारांविषयीचा एक अंतर्गत अहवाल खरेदीपूर्वीच अस्तित्वात होता. विक्रेत्यांनी महत्त्वाची माहिती दडवली, असा निष्कर्ष सिंगापूर येथील लवादाने एप्रिल २०१६ मध्ये काढून सुमारे २,५६२ कोटी रुपयांची भरपाई ठरवली; दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये हा निवाडा अंमलबजावणीयोग्य मानला. दरम्यान रॅनबॅक्सी मुंबईच्या सन फार्माकडे गेली होती.

या प्रकरणावरून दालनाच्या निवडीसाठी एक निष्कर्ष निघतो. प्रश्नोत्तरांचे सदर हे दालनातील सर्वांत मोलाचे सदर आहे, कारण न ठेवलेल्या कागदाविषयी विचारलेला प्रश्न आणि त्याला दिलेले उत्तर तेथेच, तारीख-वेळेसह नोंदले जाते. काही विक्रेते प्रत्येक इच्छुकाला आठवड्याला ठरावीकच प्रश्न विचारण्याची मुभा देतात. सोयीसाठी हे समजण्यासारखे आहे. पण ‘नियामकाशी झालेला सर्व पत्रव्यवहार येथे आहे काय?’ हा एक प्रश्न त्या मर्यादेत प्रत्येक खरेदीदाराने बसवावा. फोनवर मिळालेल्या उत्तराचा लवादासमोर उपयोग होत नाही.

लहान व्यवहार

नागाव-अलिबाग भागात आज हस्तांतरित होतात ते बहुतांशी लहान व्यवसाय : पर्यटकनिवास, मत्स्यप्रक्रिया केंद्रे, बांधकाम कंपन्या, पतसंस्थांचे विलीनीकरण. एकच खरेदीदार आणि शे-दोनशे कागद असतील तर महिन्याला हजारो रुपये भाड्याचे दालन अनावश्यक आहे. सर्वसाधारण साठवणसेवेतील सशुल्क खाते, प्रत्येक व्यक्तीला तिच्या नावानिशी दिलेली परवानगी आणि उतरवून घेण्यास बंदी एवढ्यावर काम भागते. ‘ज्याच्याकडे दुवा आहे त्या सर्वांना’ ही सोय मात्र कधीही वापरू नये. एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे गेलेला दुवा परत आणता येत नाही. दोनहून अधिक इच्छुक असतील, त्यांत स्पर्धक असेल किंवा ठेवीदारांची माहिती असेल, तर खरे दालन घेणे योग्य.

व्यवहारानंतर

करारावर सह्या होतात त्या क्षणी दालनातील मजकूर गोठवला जातो. ‘विक्रेत्याने काय उघड केले होते’ या प्रश्नाचे उत्तर पुढील काही वर्षे त्या गोठवलेल्या प्रतीवरूनच दिले जाते, म्हणून तिची संपूर्ण प्रत, हालचाल-नोंद आणि प्रश्नोत्तरे यांसह, दोन्ही पक्षांना व त्यांच्या वकिलांना सीलबंद स्वरूपात दिली जाते. सेवादाराकडील मूळ साठा पुसल्याचे लेखी प्रमाणपत्र घ्यावे लागते. अयशस्वी इच्छुकांनी उतरवलेल्या प्रती नष्ट केल्याची लेखी हमी देणे गोपनीयता करारानुसार अपेक्षित असते. नोंदणीकृत कंपनीला ८ वर्षे नोंदी सांभाळावयाच्या असल्याने ती प्रत ज्या माध्यमावर ठेवली ते माध्यम तोवर वाचता येईल याचीही काळजी घ्यावी लागते. २००९ साली सीडीवर दिलेली प्रत वाचण्यासाठी लागणारे यंत्र आजच्या बहुतेक संगणकांत नसते.